गाणं संपेपर्यंतची ओल: कोकणच्या हवेत जलरंगातून गाणी रंगवताना

गाण्यावरून चित्र काढायचं म्हटलं की हात आधी शब्दांकडे जातो. गाण्यात होडी आली की होडी, चांदणी आली की चांदणी. चित्र होतं, पण ते गाण्यांच्या वहीच्या मुखपृष्ठासारखं दिसतं, आणि गाणं त्यात ऐकू येत नाही. गाणं काळात उलगडतं: मुखडा येतो, मधलं म्युझिक वाजतं, अंतरा वर जातो आणि पुन्हा मुखड्यावर उतरतो. जलरंगालाही असाच स्वतःचा काळ आहे, कागद ओला असण्याचा. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, मारल्यापासून कागद सुकेपर्यंतच्या पायऱ्या गाण्याच्या चालीशी जुळवायच्या, ही या पद्धतीची किल्ली आहे. बाकी सगळी कारागिरी तिच्या मागून येते.

जुन्या ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. पुढची भावगीतं चार-पाच मिनिटांपर्यंत गेली. चांगल्या जाड कागदावरची पाण्याची चकाकी मे महिन्यातल्या दुपारी पंख्याखाली जवळपास तेवढाच वेळ टिकते. जुलैत, खिडकीबाहेर पागोळ्या गळत असताना, तीच चकाकी पंधरा-वीस मिनिटं हलत नाही. म्हणजे कोकणात एकच गाणं उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन वेगळ्या पद्धतींनी रंगवावं लागतं. जलरंगाची बरीच पुस्तकं कोरड्या हवेच्या प्रदेशांत लिहिलेली असतात. त्यांतली मिनिटं इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

आधी ऐकणं

गाणं तीनदा ऐका, आणि पहिल्यांदा पेन्सिल हातात घेऊ नका. दुसऱ्या वेळी एका कागदावर आडवी रेघ ओढून तिच्यावर गाण्याचे टप्पे मांडा: मुखडा, म्युझिक, पहिला अंतरा, आणि असंच पुढे. कुठे आवाज एकटा आहे, कुठे वाद्यं भरून येतात, कुठे क्षणभर काहीच वाजत नाही, एवढंच टिपा. तिसऱ्या वेळी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: या गाण्याच्या कडा मऊ आहेत की कडक? मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारं, लांब श्वासांचं गाणं मऊ कडांचं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग. ठेक्याचं, तोडून म्हटलेलं गाणं कडक कडांचं, म्हणजे सुक्या कागदावर भरलेला ब्रश. बहुतेक चांगल्या गाण्यांत दोन्ही असतं. मग मुखडा कोणत्या बाजूचा आणि अंतरा कोणत्या, ते ठरवून लिहून ठेवा.

यानंतर पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर एकाच रंगात, शक्यतो बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांच्या करड्यात, लहान कच्चं चित्र करा. त्यात तीनच छटा हव्यात: कोरा कागद, मधली आणि गडद. हे कार्ड दहा मिनिटांत होतं. ते टाळलेलं असलं की मोठ्या चित्रात सगळं मधल्या छटेत अडकतं. गाणं मंद्र सप्तकात उतरतं तिथे गडद आणि तार सप्तकात जातं तिथे कोरा कागद, एवढ्या ढोबळ नियमानेही सुरुवात होते.

साहित्य, थोडक्यात

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत), शंभर टक्के कॉटन. पैसे वाचवायचे तर रंगांत वाचवा, ब्रशांत वाचवा, पण कागदात नाही. सेल्युलोजचा स्वस्त कागद पाणी वरच्या वर धरतो, मग एकदम सोडून देतो, आणि ज्या ओलीच्या पायऱ्यांवर ही पद्धत उभी आहे त्या पायऱ्याच त्याच्यात नीट सापडत नाहीत. आकार ११ × १५ इंच, म्हणजे पूर्ण इम्पीरियल तावाचा चौथा हिस्सा. कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डला पक्का करा. टेपची कड नखाने दाबून घ्या, नाहीतर पाणी खालून शिरतं.

ब्रश तीन पुरतात: १२ नंबर गोल, एक इंची फ्लॅट आणि बारीक रेघांसाठी रिगर. रंग सात: अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना, लाइट रेड, येलो ऑकर, लेमन यलो आणि परमनंट अलिझरिन. अलिझरिनच्या ट्यूबवर ‘परमनंट’ लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. जुन्या प्रकारचा अलिझरिन क्रिमसन उजेडात उडतो, आणि संध्याकाळच्या आकाशातला गुलाबी गेला की उरलेलं आकाश आजारी दिसतं. काळा रंग घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळले की जो काळसर येतो त्याच्यात निळ्याकडे किंवा तांबड्याकडे झुकायची सोय राहते.

पाण्याचे डबे दोन, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. ते वापरू नका. त्यातलं मीठ रंगाबरोबर कागदावर राहतं, हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि वॉशवर ठिपके उमटवतं. समुद्राचं चित्र समुद्राच्या पाण्याने रंगवण्याची हौसही याच कारणासाठी टाळावी. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

ओलीच्या चार पायऱ्या

कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरून खिडकीच्या उजेडात बघा.

पहिली पायरी आरशासारख्या चकाकीची: पाणी वर तरंगतं आहे, रंग टाकला की लांबवर धावतो आणि आकार धरत नाही. दुसरी मंद चमकेची, रेशमी कापडासारखी. रंग पसरतो पण जागेवर राहतो. ढग, धुकं, लांबचे डोंगर इथे होतात. तिसऱ्या पायरीत चमक गेलेली असते, पण तळहाताची मागची बाजू टेकवली की कागद गार लागतो. ही सगळ्यांत फसवी पायरी, कारण कागद सुकल्यासारखा दिसतो. चौथी पायरी कोरडी: गारवा नाही, कागदाला पडलेला बाक सरळ झाला आहे.

नियम एकच पाळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. ब्रश जास्त ओला असेल तर पाणी ओल्या जागेकडून कमी ओल्या जागेकडे ढकललं जातं, वाटेतला रंग उचलून नेतं आणि कडेला टाकतं. मग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उठतो. तो पुसायला गेलात की मोठा होतो. ब्रश रंगात बुडवल्यावर जुन्या सुती धोतराच्या घडीवर एकदा टेकवायचा, आणि मगच कागदावर. ही सवय लागली की निम्मे डाग थांबतात.

शुक्रतारा: सगळं ओल्यावर

‘शुक्रतारा मंद वारा’ हे मंगेश पाडगावकरांचं गीत, श्रीनिवास खळे यांची चाल, आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे आवाज. पाडगावकरांचा जन्म १९२९ सालचा, वेंगुर्ल्याचा. चित्राची जागा म्हणून वेंगुर्ल्याचा किनारा घ्यायला हरकत नाही, पण आधी आकाशाचं गणित नीट करा.

शुक्र सूर्यापासून फार दूर जात नाही. तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसतो किंवा सूर्योदयाआधी पूर्वेला, मध्यरात्री डोक्यावर कधीच नाही. कोकणात पश्चिमेला समुद्र, म्हणून संध्याकाळचा शुक्र समुद्रावर उभा असतो. तो सह्याद्रीच्या बाजूला काढलात तर चित्र आपोआप पहाटेचं होतं. चंद्र घ्यायचा असेल तर शुक्राच्या शेजारी फक्त कोर येऊ शकते, आणि तिची उजळ बाजू खाली, मावळलेल्या सूर्याकडे हवी. आपल्या अक्षांशावर फेब्रुवारी ते एप्रिलच्या संध्याकाळी ती कोर जवळजवळ आडवी, होडीसारखी पडलेली असते. पौर्णिमेचा चंद्र मात्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो. त्याचं चांदणं हवं असेल तर ते बघणाऱ्याच्या पाठीमागून येईल, वाळूवर आणि माडांच्या झावळ्यांवर पडेल.

गाणं दोघांचं आहे, म्हणून आकाशही दोन रंगांचं करा: वरून अल्ट्रामरीनमध्ये चिमूटभर अलिझरिन, खालून येलो ऑकरमध्ये थोडा लाइट रेड. दोन वाट्यांत दोन वॉश आधीच कालवा. प्रत्येकी तीन चहाचे चमचे पाणी, निळ्यासाठी हरभऱ्याच्या दाण्याएवढा रंग आणि खालच्या रंगासाठी त्याच्या निम्मा. कमी कालवलेला वॉश मध्येच संपतो, आणि नव्याने कालवेपर्यंत कड सुकते. दोन्ही रंग पॅलेटवर एकत्र करू नका. त्यांची भेट कागदावरच व्हायला हवी.

ताऱ्याच्या जागी पांढऱ्या मेणबत्तीचं टोक एकदाच दाबा. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखणारा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) असेल तर टाचणीच्या डोक्याएवढा थेंब ठेवा, पण तो त्याच दिवशी काढा. उन्हाळ्याच्या उकाड्यात एक-दोन दिवस राहिला तर तो कागदाला धरतो आणि काढताना कागदाचे तंतू घेऊन येतो. त्याच कारणाने त्याच्यावर हेअर ड्रायर मारू नका.

बोर्डच्या मागच्या कडेखाली दोन बोटं जाडीचं पुस्तक ठेवा. फ्लॅट ब्रशने पूर्ण आकाश स्वच्छ पाण्याने दोनदा ओलं करा. चकाकी मंद होऊ लागली की गाणं लावा. मुखड्याला वरून निळा खाली आणा आणि क्षितिजाच्या चार बोटं वर थांबा. मग खालून गेरूसारखा उबदार रंग वर न्या आणि निळ्याला भिडला की ब्रश उचला. मध्ये घोटू नका. निळा आणि गेरूसारखा रंग घोटले की मळकट राखाडी होतो, आणि न घोटता नुसते शेजारी सोडले तर त्यांच्या मधोमध एक फिकट जांभळट धूसर पट्टा स्वतःहून येतो. तोच या चित्रातला मंद वारा. पहिला अंतरा संपेपर्यंत बोर्ड डावी-उजवीकडे हलकेच कलता ठेवा, मग सपाट करून हात बाजूला घ्या.

समुद्र दुसऱ्या बैठकीत, आकाश पूर्ण सुकल्यावर. संध्याकाळी पाणी आकाशाहून किंचित गडद दिसतं, म्हणून तेच दोन रंग थोडे दाट घ्या. शांत पाण्यात तेजस्वी शुक्राची बारीक उभी चमकरेघ पडते. ती तारकेच्या बरोबर खाली हवी, तिरकी नाही. त्या पट्ट्यात आडव्या, तुटक फटी कोऱ्या सोडल्या की पुरे. नंतर पांढऱ्या पोस्टर कलरने भरलेली रेघ वरून चिकटवल्यासारखी वाटते.

उजेड कोऱ्या कागदातूनच यावा, हे शिकायचं तर सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ पुन्हा पुन्हा पाहावं. हळदणकर मूळ सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. हातातल्या दिव्याचा उजेड बोटांतून झिरपणारी ही स्त्री जलरंगात आहे, आणि मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ती बघायला मिळते. भोवतालचा अंधार किती थरांनी उतरत गेला आहे, ते पाहिलं की आपल्या चित्रातला तारा का विझतो ते कळतं: तारा पांढरा असतो, पण शेजारचं आकाश पुरेसं गडद नसतं.

डोलकर: सुक्यावर, ठेक्यात

‘मी डोलकर’ हे शान्ता शेळके यांचं गीत, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, आवाज लता मंगेशकर आणि हेमंत कुमार यांचे. इथे एक चूक फार होते. डोलकर म्हणजे डोलणारा माणूस असं समजून लोक लाटेवर झुलणारा कोळी काढतात. डोल हे जाळ्याचं नाव आहे. पिशवीसारखं लांबट, तोंडाशी रुंद जाळं समुद्रात एका जागी पक्कं बांधून भरती-ओहोटीच्या ओढीसमोर धरलं जातं, आणि ओढीबरोबर मासळी आत येते. ते लावणारा तो डोलकर. डोल मुख्यतः मुंबई, पालघर, रायगडच्या किनाऱ्यावरची, बोंबलाच्या मासेमारीची. मालवण-वेंगुर्ल्याकडची पारंपरिक मासेमारी रापणीची, जिथे किनाऱ्यावर उभं राहून माणसं जाळं ओढतात. तेव्हा या गाण्याच्या चित्रात मागे सिंधुदुर्ग किल्ला काढू नका. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा आणि गढूळ हिरवट पाणी काढा.

पाण्याचा रंग जपून घ्या. उत्तर कोकणात खाड्यांचा गाळ मिसळलेला समुद्र पोस्टकार्डावरच्यासारखा निळा नसतो. प्रशियन ब्लू एक भाग, येलो ऑकर दोन भाग, आणि त्यात बर्न्ट सिएनाचा एक स्पर्श. प्रशियन ब्लू फार जोरदार रंग आहे. आधी ऑकर कालवा आणि त्यात निळा ब्रशच्या टोकाने घाला, उलटं केलंत तर ऑकरची अर्धी ट्यूब संपेल. आधी सगळ्या पाण्यावर याचा फिकट वॉश द्या आणि पूर्ण सुकू द्या.

आता ठेका. कोळीगीतांचा ठेका बहुधा सहाच्या हिंदोळ्याचा असतो, तीन आणि तीन. १२ नंबरचा ब्रश दाट रंगात भरा आणि रद्दी कागदावर गाण्याबरोबर मारून बघा: पहिल्या मात्रेला ब्रशचं पोट दाबून रुंद फटका, पुढच्या दोन मात्रांना नुसतं टोक. हात मनगटातून नाही, खांद्यातून हलवा. दहा-बारा ओळींनंतर लाटांची एक बांधणी तयार होते, तीच मूळ चित्रात उतरवा. जवळच्या लाटा रुंद आणि गडद, दूर जाताना अरुंद, फिकट, एकमेकींच्या जवळ. फटका चुकला तर त्याच्यावर पुन्हा ब्रश नेऊ नका. दुसऱ्यांदा गिरवलेली लाट लगेच दिसते, आणि ठेका तिथेच तुटतो.

फेसासाठी ड्राय ब्रश: ब्रश कापडावर जवळजवळ कोरडा करून कागदाला आडवा, भरभर ओढा. कोल्ड प्रेसच्या उंचवट्यांवर रंग लागतो, खाचा पांढऱ्या राहतात. पावसाळ्यात हा हात नीट जमत नाही, कारण दमट कागदाच्या खाचाही रंग ओढून घेतात. म्हणून हे गाणं डिसेंबर ते मे या काळासाठी राखून ठेवावं.

होडी शेवटी, एकाच रंगाच्या ठाशीव सावलीत. नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, कड आणि माणसाची पाठ, इतकं पुरतं. चेहरे नकोत. या आकाराच्या चित्रात डोळे-नाक आले की बघणारा तिथेच थांबतो आणि लाटांची लय त्याच्या नजरेतून सुटते.

श्रावण: पावसाळ्यातच

‘श्रावणात घननिळा बरसला’ हेही पाडगावकर-खळे यांचं, लता मंगेशकरांच्या आवाजात. यासाठी मात्र दमट हवा हवीच. पंखा बंद करा, ओल लांबू द्या. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून गुळगुळीत फरशीवर किंवा जाड प्लॅस्टिकवर चिकटवलात तर तो अर्धा तास दुसऱ्या पायरीवर राहतो.

नावात निळा आहे, पण श्रावणाचा ढग नुसता निळा रंगवला तर तो उन्हाळी आकाशासारखा कोरडा दिसतो. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घालून करडा करा, आणि दोन ढगांच्या मध्ये एखाद्या जागीच शुद्ध निळा सोडा. अल्ट्रामरीनचे कण जड असतात. ओल्या कागदावर ते खाचांत बसतात आणि ढगाला दाणेदार पोत येतो. प्रशियन ब्लूने तसं होत नाही.

हिरवा ट्यूबमधून घेऊ नका. भाताच्या रोपांना लेमन यलो आणि अगदी थोडा प्रशियन, आंब्या-फणसाला ऑकर आणि प्रशियन, शेवाळलेल्या जांभ्याच्या गडग्याला लाइट रेडच्या ओल्या थरात तोच आंब्याचा हिरवा. तांबड्यावर हिरवा ओल्यातच घातला तर गडगा जिवंत दिसतो. सुकल्यावर घातलात तर वर हिरवा रंग फासल्यासारखा वाटतो.

पावसाच्या सरी रेघांनी काढू नका. तिसऱ्या पायरीच्या सुरुवातीला फ्लॅट ब्रश स्वच्छ धुवून, पिळून, तिरका खाली ओढा. रंग उचलला जातो आणि मऊ उजळ पट्टे उरतात. दर ओढीनंतर ब्रश पुसा. प्रशियन ब्लू कागदात मुरतो, फारसा उचलला जात नाही, म्हणून जिथे सरी हव्यात तिथे पाठीमागे अल्ट्रामरीनच असू द्या.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बिघडते, आणि तिचा दोष लोक स्वतःच्या हाताला देतात. कागदावर कारखान्यात सरसाचा लेप दिलेला असतो, तो पाणी वर धरतो. दमट कपाटात बुरशी हा लेप खाते. कोरा कागद बघून काही कळत नाही, पण वॉश दिला की मध्येच काळपट ठिपके उमटतात, कारण तिथे रंग टिपकागदासारखा आत शिरतो. चित्र सुरू करण्याआधी कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटाच्या आत तो आत जिरून डाग गडद झाला तर तो ताव वॉशसाठी बाद झाला. त्यावर कोळशाने किंवा पेन्सिलीने काम करा. चांगले ताव झिपच्या जाड पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावेत, आणि ट्रंक भिंतीला टेकवू नये. पुड्यांचे दाणे रंग बदलणारे असतील तर रंग बदलल्यावर गरम करून पुन्हा वापरता येतात.

हेअर ड्रायर पावसाळ्यात लागतोच. चकाकी पूर्ण गेल्यावर, हातभर अंतरावरून, सतत हलवत मारा. त्याआधी मारलात तर हवा साचलेलं पाणी एका बाजूला ढकलते आणि तिथे दातेरी डाग येतो. मारल्यावर कागद गार होईपर्यंत थांबा, कारण गरम कागदाचा गारवा तपासता येत नाही.

चित्र झाल्यावर

टेप कागदापासून दूर, तिरकी ओढत काढा. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच. दमट हवेत काचेच्या आतून ओल धरते, आणि टेकलेलं चित्र काचेला चिकटतं. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळती राहील. पावसाचा मारा येतो त्या पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका.

आणि फ्रेम बंद करण्याआधी कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा: गाणं, तारीख, कोणता कागद, पंखा चालू होता की बंद, आणि पहिला वॉश सुकेपर्यंत गाणं किती वेळा वाजलं.